वरनं म्या काय बघितलं

तेरणेच्या ह्या काठाला माझ्यासारखा ड्रोन उडवणारा दुसरा न्हाय. दुसऱ्या कुणाकडं ड्रोनच न्हाय, म्हणून.

हसलात न्हवं? माझं हेच हाय. लोकांना हसवायचं, आन् हसता हसता मूळ गोष्ट हळूच बाजूला सारायची. आज तसं करायचं न्हाय असं ठरवून बसलोय — बघू किती जमतंय. जे सांगायलोय ते म्या कुणाला सांगितलं न्हाय. बायकोला न्हाय, भावाला न्हाय. एका माणसाला सांगितलं, आन् त्यालाबी लई उशिरा. लिहायला तर मला येत न्हाय. चौथीत दोनदा बसलो, तिसऱ्या वक्ताला मास्तरनंच हात जोडले. म्हणून हे मोबाइलात बोलायलोय, बोललं की अक्षरं उमटतात. बरोबर उमटली का चूक, ते तुमीच बघा.

नाव माझं दत्ता. गाव मला ड्रोन्या म्हणतं. आमचं गाव तेरच्या अलीकडं, नदीला लागून. आधी मी लग्नात व्हिडिओवाल्याच्या मागं लाईट धरून हिंडायचो. मग सोलापुरातनं एक जुना ड्रोन आणला. पहिल्या दिशी तो आमच्याच म्हशीच्या पाठीवर उतरवला. म्हैस दोन दिस दूध देईना. पुढं एकदा पाण्याच्या टाकीवर अडकला. काढायला चढलो, पण उतरायची हिंमत होईना. मलाच दोरी बांधून खाली घेतला. गावानं त्याचं मोबाइलवर शूटिंग केलं. माझ्या ड्रोनपेक्षा चांगलं आलं.

मग कुणीतरी म्हणलं, बाबा, ह्याला कायदा असतोय. झालं. ठाण्यात गेलो, तिथनं दुसऱ्या हापिसात, तिथनं परत ठाण्यात. कागद सगळा इंग्रजीत. मोबाइलमधी एक नकाशा दाखवला — लाल, पिवळा, हिरवा. लाल म्हंजे उडवायचं न्हाय. पिवळा म्हंजे इचारून उडवायचं. हिरवा म्हंजे उडवा — पण गर्दीवरनं न्हाय, चारशे फुटाच्या वर न्हाय, डोळ्याआड न्हाय, आन् बंदीचा हुकूम निघाला तर कुठंच न्हाय. मी बेजार झालो. म्हणलं, मग ह्यो ड्रोन हाय का देव्हाऱ्यातला देव, नुसता पुसून ठिवायला?

थांबा. हे सगळं म्या पारावर शंभरदा सांगितलंय, आन् लोक शंभरदा हसलेत. कागद अवघड हाय, ते खरं. पण त्या दिशी ठाण्यातल्या हवालदारानं मला बाजूला घेतलं व्हतं. म्हणला, "दत्ता, बाकीचं हळूहळू शिकशील. एक आजच शिक. माणसांच्या डोक्यावरनं न्यायचं न्हाय." मराठीत सांगितलं. तोंडानं सांगितलं. हे कळायला शाळा लागती का?

न्हाय लागत. मला कळलं व्हतं. हे आधी सांगून ठिवतो, म्हंजे पुढं मलाच पळवाट सापडायची न्हाय.

आता महादूतात्याकडं येतो. यावंच लागंल.

महादूतात्या आमच्या गावचा आचारी. बारकं गाव, पण कुणाचंबी लग्न असो, जावळ असो, चुलीपाशी तात्याच. त्याची गव्हाची खीर खायला उमरग्याकडचे पाव्हणे एक मुक्काम वाढवायचे. तात्या लाकडावर लाकूड वाजवून घ्यायचा. दोन ढलप्या हातात घेणार, एकमेकीवर ठोकणार, कान लावणार. वाळलेलं लाकूड खण्ण वाजतं, वलं ठप्प वाजतं. ठप्प वाजलं की धूर करंल म्हणून बाजूला टाकून द्यायचा. गाडीभर लाकूड असलं तरी एक एक वाजवायचा. आमी पोरं असताना त्याची नक्कल करायचो. मी तर अजून करतो. करायचो.

हे एवढं कशापायी? तर आमच्या महादेवाच्या देवळापुढं मोठा वड हाय, आन् त्या वडाला उन्हाळ्यात आग्या मोहोळ बसतंय. एक न्हाय, चार-पाच. सुपाएवढाली पोळी. आमच्याकडं ती कुणी काढत न्हाय, देवाची म्हणून सोडून देतात. लग्नं सगळी देवळापुढच्या मैदानातच व्हायची. म्हणून चूल मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला खांदायची, ही तात्याच्या आज्यापासनं चालत आलेली रीत. आन् चूल पेटवायच्या आधी आचाऱ्यानं वडाखाली जायचं, नारळ ठिवायचा, वर बघून सांगायचं — बाई, आज गावात कार्य हाय, धूर व्हईल, सांभाळून घे. ह्याला वर्दी देणं म्हणतात. तात्या वर्दी दिल्याबिगर काडी वढायचा न्हाय.

चूल पेटवणाऱ्यानं वर्दी द्यायची. ड्रोन उडवणाऱ्याचं काय, ते आज्या-पंज्यानं सांगून ठिवलं नव्हतं. आन् ज्यानं सांगितलं व्हतं त्याचं म्या ऐकलं न्हाय.

चार उन्हाळ्यामागची गोष्ट. गावातल्याच एका पोरीचं लग्न. नवरदेव मारुतीला जाऊन घोड्यावरनं परत मांडवाकडं यायला निघालेला. ऊन डोक्यावर, मांडवात माणूस मावंना. नवरदेवाचे दोस्त मला म्हणले, ड्रोनभाऊ, वडाच्या फांद्यातनं ड्रोन खाली आणा, पानं बाजूला झाल्यासारखी दिसली पायजेत आन् मग घोडा दिसला पायजे. कुठंतरी बघितलं असंल त्यांनी. मला भाऊ म्हणलं की माझं डोस्कं चालायचं बंद होतंय. परवानगीचा कागद? नव्हता. मोहोळ म्हाईत नव्हतं? लहानपणापासनं म्हाईत व्हतं. म्हणलं, लांबनं नेऊ.

लांबनं न्हाय नेता आलं.

हातातल्या पडद्यावर पोळं दिसलं. काळं. त्याच्यावरनं एक लाट गेली बघा — वाऱ्यानं ज्वारीवरनं जाती तशी. मला ते लई सुंदर दिसलं. आणखी जरा जवळ नेलं. दुसरी लाट गेली. आन् मग पोळं पांढरं दिसाय लागलं — म्हंजे माश्या उठल्या व्हत्या, मागचं मेण दिसाय लागलं व्हतं.

आता मला सांगा, तुमी काय केलं असतं?

न्हाय, तुमाला कशाला इचारू. म्या काय केलं ते सांगतो. वडाच्या पलीकडं नदी. उन्हाळ्यात कोरडी, चिटपाखरू नव्हतं. ड्रोन तिकडं नेला असता तर माश्या त्याच्या मागं गेल्या असत्या. ड्रोन गेला असता, दुसरं काय? माझ्या ध्यानात आलं व्हतं. हे मी नंतर जोडून सांगत न्हाय — त्याच वक्ताला ध्यानात आलं व्हतं. पण मला ड्रोन वाचवायचा व्हता. त्याला एक बटण असतंय, दाबलं की जिथनं उडाला तिथं आपला आपण माघारी येतो. उडवला कुठनं व्हता? मांडवाच्या तोंडातनं.

म्या बटण दाबलं.

ड्रोन सरळ आला. कसा सरळ आला, बिलकूल चुकला न्हाय. माणसांच्या डोक्यावरनं आला, आन् त्याच्या मागनं त्या आल्या. ड्रोन उतरल्या उतरल्या मी त्याला पिशवीत घातला, चेन लावली. आधी ड्रोन पिशवीत घातला. मग पळालो.

पुढचं काय सांगू. घोडं नवरदेवाला टाकून पळालं. बाया पदरात लेकरं घेऊन खाली बसल्या. नवरीची आत्या, सरूआत्या, पळताना खुंट्याला अडकून पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं. आन् महादूतात्यानं काय केलं असंल? सगळे चुलीपासनं लांब पळत व्हते, त्यानं पाण्यात भिजवलेली पोती उचलून चुलीत कोंबली. काळाभोर धूर उठला. मग ह्याला वढ, त्याला वढ, लेकरं आधी, सगळ्यांना धुरात बसवलं. धुरात माशी येत न्हाय. त्याच्या अंगावर तोवर किती काटे बसले आसतील, कुणी मोजले न्हाईत. मलाबी त्यानंच वढला. दंडाला धरून. मी पिशवी पोटाशी धरून त्याच्या धुरात बसलो व्हतो.

हे ध्यानात ठिवा. त्याच्या धुरात बसलो व्हतो.

संध्याकाळी धाराशिवच्या दवाखान्याबाहेर निम्मं गाव. वडातनं ड्रोन आणा म्हणणारे नवरदेवाचे दोस्त गाडीत बसून केव्हाच त्यांच्या गावाला गेलेले. तोंडं सुजलेली, कोण कुणाला ओळखंना. तिथं इषय निघाला — मोहोळ उठलं कशानं? म्हातारी माणसं म्हणली, कशानं उठणार, धुरानं. धूर तर सगळ्यांनी बघितला व्हता. काळाभोर, आभाळभर. तो मोहोळ उठल्यावरचा व्हता का आधीचा, हे पळणाऱ्या माणसाला कसं ठावं असंल? नवरीच्या भावानं मातूर माझ्याकडं बघितलं. म्हणला, "ड्रोन्या, तुझं यंत्र तर गेलं नव्हतं ना रं तिकडं?"

मी म्हणलो, "माझा ड्रोन मोहोळानं बघितला असता तर माश्या फोटो काढायला वळीनं उभ्या राहिल्या असत्या."

सगळे हसले. सुजलेल्या तोंडानं हसले. तिथंच मी सुटलो.

एवढ्यावर तरी गप बसावं का न्हाय? न्हाय बसलो. नवरीचा बाप म्हणला, दत्ता, तू तर वरनं बघत व्हतास, तूच सांग, आधी काय झालं? सगळे माझ्याकडं बघाय लागले. आख्ख्या जन्मात मला कुणी कशाची गवाही इचारली नव्हती. आन् म्या दिली. म्हणलो, "व्हय. म्या वरनं बघितलं. आधी धूर मोहोळाकडं गेला, मग मोहोळ उठलं."

तात्या तिथंच भिताडाला टेकून बसला व्हता, दोन्ही डोळे सुजून मिटलेले. तो काय म्हणला? त्यो म्हणला, "एखादं लाकूड वलं राहिलं असंल माझ्या हातनं. ऐकायला कमी येतंय आताशा."

माझ्यावर संशय घ्यायचं त्याच्या मनातबी आलं न्हाय. माझा शब्द त्यानं त्याच्या कानापेक्षा खरा मानला.

घरी येऊन म्या ते शूटिंग बघितलं. एकदाच. त्यात सगळं व्हतं. वड, पोळं, त्या लाटा. आन् पार लांब, मैदानाच्या त्या टोकाला, तात्याची चूल. तिचा धूर बारीक, अगरबत्तीसारखा, सरळ वर जायलेला, आन् वडाच्या उलट्या अंगाला वळायलेला. मग म्या ते पुसून टाकलं. तेवढं मला येत व्हतं. इंग्रजी वाचता येत न्हाय, पण पुसायचं बटण बरोबर सापडलं.

मग काय झालं? तसं बघितलं तर काय बी झालं न्हाय. माश्यांवर कोण केस करतंय. ग्रामपंचायतीनं ठराव केला — देवळापुढं चूल पेटवायची न्हाय. ड्रोनबद्दल एक शब्द न्हाय. तात्या सरूआत्याच्या खाटंपाशी जाऊन तिच्या पायावर डोस्कं ठिवून आला. त्याच्यानंतर त्याला कुणी कार्याला बोलावलं न्हाय. कुणी वाईट बोललं न्हाय — हेच तर. नुसतं बोलावणं बंद झालं. लग्नाला बाहेरनं केटरिंग येतंय, टोप्या घातलेली माणसं, गॅसच्या शेगड्या. खीर पातळ असती. खाताना लोक म्हणतात, तात्याच्या खिरीची सर न्हाय. मीबी म्हणतो. मोठ्यानं म्हणतो. त्याचा झारा घरी खुंटीला लटकतोय. घरातली चूलसुद्धा त्यानं मोडली, गॅसवर करतात.

आन् माझं? माझं लई चांगलं चाललं. भ्यालो व्हतो ना, म्हणून सगळे कागद केले. भाच्याला धरून फारम भरलं, नंबर काढला, दर लग्नाला ठाण्यात अर्ज देतो. गर्दीवरनं उडवत न्हाय. कुणी लई मागं लागलं तर कायदा सांगतो, नकाशा दाखवतो. माझा मलाच वीट येतो. कायद्यानं वागणारा माणूस म्हणून माझं नाव झालंय, आन् ते नाव ज्याच्यावर उभं हाय ते मलाच म्हाईत. काय करावं माणसानं? चांगलं वागलं तरी खोटंच वाटतंय.

परवा सणाच्या आधी ठाण्यात बैठक झाली. आसपासचे सगळे ड्रोनवाले, लग्नाचे, फवारणीचे, बोलावले व्हते. सायेब चांगला माणूस. नियम सगळे मराठीत समजावून सांगितले. मग म्हणला, कुणाच्या हातनं कधी काही अपघात झाला असंल तर सांगा. मी कुणाला धरायला बसलो न्हाय. एकाचं ऐकून दहा जण शहाणे व्हतील.

मी उठलो. खरंच उठलो. सगळ्यांनी मागं वळून बघितलं, आन् मी तोंड उघडायच्या आधीच निम्मे हसाय लागले. ड्रोन्या उठलाय म्हंजे आता मजा. आन् म्या काय सांगितलं? म्हशीचं सांगितलं. म्हशीच्या पाठीवर ड्रोन उतरला आन् दोन दिस दूध दिलं न्हाय. सायेबसुद्धा हसला. डोळे पुसत म्हणला, बघा, कागद ठिवावे तर ह्याच्यासारखे.

खाली बसलो. दुसऱ्याचा राग आला तर भांडता येतं. स्वतःचा आला तर कुठं जायचं?

तिथनं गावात आलो ते घरी गेलो न्हाय. तात्याच्या वसरीत गेलो. दुपार व्हती. तात्या लसूण सोलत बसलेला, त्याची बायको कौसाकाकू आत. म्हणलो, "तात्या, एक सांगायचंय."

म्हणला, "बस की. सांग. हसवायला आता तूच राहिलास."

मग सांगितलं. वडाचं, लाटांचं, बटणाचं. नदीकडं नेला न्हाय ते. दवाखान्याबाहेर काय बोललो ते. पुसलं ते. मधीच थांबलो की तात्या नुसता हातातली पाकळी सोलायचा. माझं सगळं बोलून झालं. मला वाटलं, आता लाथ घालंल. घालावी असं वाटत व्हतं.

त्यानं एवढंच इचारलं, "मग लाकूड?"

"वाळलेलं व्हतं, तात्या. धूर बारीक व्हता. सरळ वर."

तात्या उठला. जिन्याखाली जुन्या ढलप्या रचून ठिवलेल्या, धूळ बसलेल्या. त्यातल्या दोन घेतल्या, एकमेकीवर ठोकल्या, कान लावला. परत ठोकल्या. मग आत तोंड करून म्हणला, "ऐकलंस का गं. लाकूड वाळलेलं व्हतं." आन् परत येऊन लसूण सोलाय लागला. माझ्याकडं बघितलं न्हाय. रागानं न्हाय. मी तिथं हाय हेच इसरला असावा.

आन् माझ्या तोंडातनं काय बाहेर पडलं असंल? म्हणलो, "माझ्या डोस्क्यापेक्षा वाळलेलं व्हतं, तात्या."

कुणी हसलं न्हाय.

कौसाकाकू उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. तिनं आतनं सगळं ऐकलं व्हतं. पिठाचे हात तसेच. म्हणली, "गावाला हसवायला पारावर बसतोस, आन् हे सांगायला आमच्या वसरीत येतोस व्हय."